विठाबाईनं परत केलेली हळद

…तर गोरक्ष गुरव थाळी घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरला आणि कोंडाजीनं हात पुढं केला, इथवर काल आलो होतो आपण. मग चहा आला आणि गोष्ट तिथंच राहिली. बिचाऱ्याचा हात कालपासून तसाच पुढं धरलेला आहे. आधी त्याच्या हातावर हळद पडू द्या.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. आणीबाणी उठून गेली होती आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या होत्या. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या जिथून दिसतात, अशा एका गावातली ही गोष्ट. तोवर त्या गावात मतदान म्हणजे पुंजा पाटलाच्या ओट्यावर ठरायचं. तालुक्याचा माणूस यायचा, कागद करायचा, बिनविरोध म्हणून पेढे खायचा आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत जायचा. ह्या खेपेला मात्र बौद्धवाड्यातला भिकन पाटलाविरुद्ध उभा राहिला. पाटलाची निशाणी छत्री, भिकनची कंदील. वॉर्ड असा पडलेला की अर्धं गाव आणि सबंध बौद्धवाडा एकात. पाटलाच्या माणसांनी घरं मोजून पाहिली आणि त्यांचं जेवण कमी झालं.

मग त्यांनी जुनाच उपाय काढला. खंडोबाच्या देवळात एकेका घरच्या कर्त्या माणसाला बोलवायचं, हातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवायची आणि वदवून घ्यायचं, ‘घरातली सगळी मतं छत्रीला.’ हळद कपाळाला लावली की शपथ पक्की. पुढं कुणी फिरलाच तर त्याचं खंडोबा बघून घेईल, पाटलाला काही बघावं लागत नाही. गावातली माणसं देवळात जाऊन बेलभंडार उचलून आली. बौद्धवाड्याची अडचण वेगळी. छप्पन सालानंतर तिथली माणसं देवळाची पायरी चढत नव्हती, आणि त्याआधी गावानं चढू दिली नव्हती. म्हणून थाळीच पायऱ्या उतरून खाली आली. गोरक्ष उतरता उतरता म्हणाला, “देवाला खाली यायला काय लागतं? इलेक्शन लागतं.” हळू म्हणाला, पण म्हणाला.

आता कोंडाजी काही भोळा माणूस नव्हता. एकलहऱ्याला कोळशाच्या यार्डात ठेकेदाराकडं कामाला होता, दर रविवारी विहारात जाऊन पंचशील म्हणायचा. तरुणपणी घरातले देव पाटीत घालून गोदावरीत त्यानंच सोडले होते. आई खंडोबाचा टाक मुठीतून सोडेना, तेव्हा तिची बोटं एकेक करून त्यानंच उघडली होती. पण मागच्या उन्हाळ्यात वाड्यात नळ आला, तो पाटलानं आणलेला. आणतो म्हणाला होता आणि खरंच आणला. त्या नळाचं पाणी पिऊन पाटलाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं कोंडाजीला जड गेलं. त्यानं हळद घेतली, म्हणायचं ते म्हटलं. कपाळाला मात्र लावली नाही. मूठ मिटली आणि मिटल्या मुठीनं घरी आला.

विठाबाई भाकरी थापत होती.

“मुठीत काय हाय?”

“हळद हाय.”

“ती कशाला?”

“हळद ती हळद. तुझ्या डब्यातबी हायच की.”

त्यानं पुडी बांधून खिशात टाकली, हात धुतला, पुन्हा धुतला आणि जेवायला बसला. नखांच्या कडेला पिवळं राहिलंच. विठाबाई त्या बोटांकडं बघत होती, कारण आदल्याच रविवारी ह्याच बोटांनी विहारात मेणबत्ती लावून त्यानं भिकनला शब्द दिला होता, की माझ्या घरची मतं कंदिलाला. तेव्हा ती शेजारीच बसली होती. तिला ना विहारात कुणी विचारलं, ना पायरीखाली. त्यात तिला वावगंही वाटलं नव्हतं. मत म्हणजे विधानसभेला, लोकसभेला कोंडाजी सांगेल त्या चित्रावर शिक्का मारायचा आणि येताना घागर भरून आणायची, असंच आजवर चाललेलं.

“शब्द दोघांना दिला. मत कुणाला देणार?” तिनं विचारलं.

“पेटीत काय खंडोबा बसतो का बघायला?” कोंडाजी म्हणाला आणि हसला. पण भाकरी त्यानं अर्धीच खाल्ली.

त्याच आठवड्यात तो यार्डातून घरी आला, सायकल भिंतीला लावली, कुलूप घातलं आणि सायकलीच्या शेजारीच बसला. विठाबाईला वाटलं, चप्पल काढतोय. तवा उतरवून ती बाहेर आली तरी तो चप्पलच काढत होता.

विठाबाई रडली नाही. वाड्यातल्या बायका तिच्याभोवती बसल्या, भन्तेजी आले, वंदना झाली, माती झाली, आणि ती कुणी सांगेल तिथं बसत होती, कुणी सांगेल तेव्हा उठत होती. शेजारची सुलाबाई, जी पाटलाच्या द्राक्षबागेत तिच्या जोडीनं काम करायची, तिला चिंता लागली. “रड गं बाई. आत धरलं तर बाधंल.” विठाबाई “हो” म्हणायची. दुसऱ्या दिवशी तिनं पीठ मळलं ते दोघांचं मळलं. बोट तव्याला लागून टरारून फोड आला, तोही तिला सुलाबाईनंच दाखवला. विठाबाई त्या फोडाकडं असं बघत राहिली, जसं कुणी दुसऱ्याच्या घरचं भांडं आपल्याकडं आलेलं बघावं.

प्रचाराच्या रिक्षा मात्र थांबल्या नव्हत्या. छत्रीची रिक्षा तिच्या दारावरून जाताना भोंगा बंद करायची आणि कोपऱ्यावर वळली की पुन्हा चालू. कंदिलाची रिक्षाही तसंच करायची. त्या बाबतीत दोन्ही पक्षांचं एकमत होतं. गाणं मध्येच तुटलं की विठाबाईला कळायचं, आपल्या दारावरून कुणीतरी चाललंय.

गाव म्हणजे गाव. पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं. सुलाबाईनं ते आणून सांगितलं, कारण न सांगता तिला राहवलं नसतं.

“म्हणत्यात, खंडोबानं नेला. हळद कपाळाला न लावता मुठीत धरून पळाला म्हणून.”

“हळदीनं माणूस मरतो व्हय?”

“मी नाय म्हणत. गाव म्हणतंय.”

“गावाला सांग, त्यांना दिवाळीपासून दम लागत व्हता.”

एवढं बोलून ती पुन्हा भिंतीला टेकलेल्या सायकलीकडं बघत बसली. कुलपाची किल्ली कुठं आहे ते तिला ठाऊक नव्हतं, आणि शोधायचं मनातही आलं नव्हतं.

मग पाटील आला. पुंजा पाटील माणूस सरळ होता, हे कुणीही सांगेल. गळ्यात तुळशीची माळ, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, कुणाच्या बांधावर कधी नांगर घातला नाही. फक्त चावडीत बौद्धवाड्यातल्या माणसांसाठी एक कप वेगळा असायचा, कान तुटका, कोनाड्यात पालथा घातलेला. तो कप पाटलानं ठेवला नव्हता. पाटलाच्या बापानं ठेवला होता. पाटलानं तो उचलला नव्हता एवढंच.

“रामराम वहिनी,” पाटील म्हणाला. इतकी वर्षं बागेत ‘ए विठे’ होती, तिची आज वहिनी झाली.

“जय भीम, बसा.” तिनं बाज टाकली. चहा केला, कपबशी धुऊन पुसून बाजेवर ठेवली.

“चहा सोडलाय मी,” पाटील म्हणाला. बागेतल्या मचाणावर तो सकाळीच बशीनं चहा पीत होता, ते सुलाबाईनं पाहिलं होतं. पण दाराशी बसलेल्या सुलाबाईनं तो विषय काढला नाही. पाटलानं कोंडाजीची आठवण काढली, खऱ्या मनानं काढली, डोळेही पुसले. उठताना म्हणाला, “त्याचा शब्द होता आमच्याकडं. गेलेल्या माणसाचा शब्द अधांतरी राहू नये. बाकी तुमी शहाण्या हाय.”

तो गेला. चहावर साय धरली. विठाबाईनं तो बराच वेळ तसाच ठेवला.

संध्याकाळी भिकन आला. भिकन कोंडाजीचा चुलतभाऊ. वाड्यातला कुणाचाही अर्ज तोच लिहायचा, कचेरीत साहेबासमोर बसून बोलायचा, आणि पाटलाच्या विरोधात उभं राहायला छाती लागते ती त्याच्याकडं होती. पण दिवेलागणीनंतर त्याचे पाय त्याचं ऐकत नसत. रविवारी विहारात दारूपासून अलिप्त राहण्याचं शील तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा, आणि सोमवारी त्याला गटारीच्या कडेवरून उचलून आणायला कोंडाजी आणि विठाबाईच जायचे. आज शुद्धीत होता, पण वास होता.

“वहिनी, त्या हळदीचं मनावर घेऊ नको. कपाळाला लावली नाय, म्हणजे शपथ लागली नाय.”

“मंग विहारात मेणबत्ती लावली, ती लागली?”

“ती वेगळी.”

“कशी?”

“ती आपली.”

विठाबाई चुलीकडं वळली. भिकनला वाटलं, पटलं नाही. तो जरा पुढं सरकला. “दादानं मला शब्द दिलाय. तू छत्रीवर शिक्का मारलास तर दादाच्या आत्म्याला…” आणि तिथं तो अडखळला. “आपल्यात आत्मा नसतो म्हणा. पण समज, असता तर.”

“नसतो तर कशाला समजू?” ती म्हणाली. रागानं नाही, राग यायलाही आत काहीतरी हलावं लागतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी तिनं कोंडाजीचे कपडे धुवायला काढले. खाकी सदऱ्याच्या खिशात विडीच्या कागदात बांधलेली पुडी निघाली. बेलाचं पान चुरलेलं, हळद तशीच पिवळीधमक. आता ही टाकायची कुठं? चुलीशी गेली, तिथून परत आली. गटारीत टाकवेना. मग तिनं मिसळणाचा डबा उघडला. हळद ती हळद, असं तो म्हणाला होताच. डब्यात ओतली की उद्याच्या कालवणात जाईल आणि विषय संपेल. झाकण एका हातात, पुडी एका हातात, अशी ती उभी राहिली. खंडोबाची भीती नव्हती तिला. पण ह्या हळदीवर तो काहीतरी बोलला होता, आणि मेणबत्तीपुढंही बोलला होता, आणि त्यातलं एक खोटं होणार होतं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील ती त्याच्याच शेजारी बसून म्हणत आली होती. छत्रीवर शिक्का मारला तर तो विहारात खोटा. कंदिलावर मारला तर तो पायरीखाली खोटा. गुपचूप मारला तरी खोटा. फक्त कुणाला कळणार नाही. जिवंत असता तर त्याचं त्यानं निस्तरलं असतं. आता खोटं ठरायला तो आणि ठरवायला ती.

तिनं डब्याचं झाकण लावलं.

सकाळी ती देवळाशी गेली. छत्रीचं टेबल तिथंच मांडलेलं. मतदारांना नावाच्या चिठ्ठ्या द्यायचं काम चाललेलं, माणसांची ये-जा. विठाबाई पायरीखाली उभी राहिली.

“गोरखदादा, हे परत घ्या.”

गोरक्षनं पुडी ओळखली आणि दोन पावलं मागं सरला. “परत घ्यायची रीत नाय, बाई. आजवर कुणी आणलीच नाय.”

“आता आणली.”

“आगं, पण ज्यानं उचलला त्यानं यायला पायजे. त्यानंच…”

“त्यांना आणू?”

टेबलावरचा चिठ्ठ्या फाडणारा हात थांबला. कुणीतरी पाटलाला बोलवायला गेलं, पण पाटील तिथंच पाराच्या मागं होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

“काय म्हणणं हाय, वहिनी?”

“म्हणणं काय नाय. ह्यांनी घरातली मतं दिली व्हती. त्यांचं मत त्यांच्यासंगं गेलं. माझं देताना मला कुणी इचारलं नव्हतं. तुमची हळद तुमी ठेवा.” तिनं पुडी पायरीवर ठेवली. तिच्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. जशी काही उसनी आणलेली चाळण परत करत होती.

“म्हणजे कंदील,” पाटील म्हणाला.

“कंदिलाकडंबी चाललेच.”

आणि ती खरंच गेली. शाळेच्या अलीकडं भिकनचं टेबल होतं. सगळा वाडा तिथं जमलेला, सुलाबाईसुद्धा.

“भाऊजी, ह्यांनी विहारात दिलेला शब्द परत घ्या.”

भिकन हसला, कारण त्याला काय करावं ते सुचेना. “शब्द काय पिशवी हाय का, वहिनी, परत घ्यायला?”

“पाटलाकडं ठेवायला पुडी तरी व्हती. तुमच्याकडं काय नाय. म्हणून सांगून जाते.”

“अशानं आपलंच नुकसान व्हईल.”

“व्हईल,” विठाबाई म्हणाली आणि शाळेत शिरली.

वर्गात नकाशा होता, पुसलेल्या फळ्यावर पाढ्याची पुसट रेघ होती. मास्तर अधिकारी झालेले. त्यांनी तिच्या बोटाला शाई लावली. नेमकं फोड आलेलं बोट. शाई झोंबायला हवी होती, झोंबली नाही. मतपत्रिका आणि शिक्का घेऊन ती गोणपाटाच्या आडोशाला गेली आणि पहिल्यांदाच कुणी न सांगता तिथं उभी राहिली. बराच वेळ गेला असावा, कारण मास्तर म्हणाले, “बाई, झालं का?” आतून ठप्प असा आवाज आला. ती घडी घालून बाहेर आली, पेटीत टाकली आणि येताना नळावर थांबली. घागर आणायची विसरली होती.

आता ऐका पुढचं. मोजणी झाली आणि छत्री, कंदील बरोबरीत आले. काही मतं बाद झाली, ती दर खेपेला होतातच: कुणी अंगठा उठवतो, कुणी दोन्ही चित्रांवर मारतो, कुणाचा शिक्का मधल्या रेघेवर बसतो. अधिकाऱ्यानं दोन चिठ्ठ्या गाडग्यात टाकल्या, एक काढली, छत्री निघाली. पेढे आले, पण पाटलाला ते गोड लागले नाहीत. बिनविरोध येणारा माणूस गाडग्यातून निवडून आला होता.

आणि खापर फुटलं विठाबाईवर, दोन्हीकडून. गाव म्हणालं, तिनं नवऱ्याचा शब्द पाळला असता तर गाडगं कशाला लागलं असतं. वाडा म्हणाला, तिनं कंदिलावर मारला असता तर भिकन सरळ आला असता. दोघांचीही तक्रार अगदी चोख होती, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असायच्या तर तिचं मत बाद मतांत असायला हवं होतं, पण तेवढा विचार करायला निवडणुकीनंतर कुणाला सवड असते? बागेच्या मुकादमानं छाटणीला तिला बोलावणं बंद केलं. नळावर बायका तिचा नंबर शेवटी लावू लागल्या. “तू नुसतं सांगून टाक गं,” सुलाबाई म्हणायची, “एक बाजू तरी तुझी व्हईल.” विठाबाई घागर उचलायची आणि जायची.

ओढा स्टेशनावरून पॅसेंजर धरून ती लासलगावला कांद्याच्या चाळीत निवडायला जाऊ लागली. तिथं बायकांचे डोळे दिवसभर वाहायचे, पदर ओले व्हायचे. विठाबाईचे डोळे कोरडे. तिथला मुकादम म्हणायचा, अशी बाई शोधून मिळायची नाही. तिनं तशीच चार-पाच वर्षं काढली. सायकल भाच्यानं कुलूप तोडून नेली, भिंतीवर हँडलचा घासलेला डाग तेवढा राहिला.

पुढच्या निवडणुकीत पाटलाच्या माणसांनी पुन्हा थाळी काढली. गोरक्षनं बौद्धवाड्यासाठी पायऱ्या उतरायला नकार दिला. “परत आणून देत्यात,” तो म्हणाला, “एक पुडी कोनाड्यात पडलीय. ना थाळीत घालवत, ना टाकवत. आणखी आल्या तर ठेवू कुठं?” तेव्हापासून वाड्यातल्यांच्या हातावर हळद पडली नाही. भिकन त्या खेपेला निवडून आला, आणि त्या संध्याकाळी त्याला गटारीच्या कडेवरून उचलायला विठाबाई सुलाबाईला घेऊन गेली.

पाटील आता थकला होता. गुडघे गेले होते, उभं राहायचं त्यानं सोडलं होतं. एका दुपारी काठी टेकत तो वाड्यात आला, एकटाच, आणि विठाबाईच्या दारातल्या बाजेवर बसला.

“रामराम, विठाबाई.” वहिनी म्हणायची आता गरज नव्हती, आणि विठे म्हणायला जीभ वळली नसावी.

“जय भीम.”

तिनं चहा केला. तीच कपबशी, धुऊन पुसून त्याच्यापुढं ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. पाटलानं कपाकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या डागाकडं. चावडीतल्या कोनाड्यातला कान तुटका कप त्याच्या मुलानं नुकताच फेकून दिला होता, बापाला न विचारता. ते त्यानं सांगितलं. विठाबाईनं ऐकून घेतलं.

“आता मला ना छत्रीचं काही, ना कंदिलाचं,” पाटील म्हणाला. “पण रात्री झोप येत नाही तेव्हा मी तेच मोजत बसतो. अमका आपला, तमका त्यांचा. सगळ्यांचा मेळ बसतो, तुझ्यापाशी येऊन अडतं. आता तरी सांग. शिक्का कुठं मारला होतास?”

विठाबाईनं पदरानं हात पुसले. “खोटं बोलू नये म्हणून सांगते, पाटील, मला ठावं नाय. आत गेले, शिक्का हातात घेतला, तर छत्री दिसंना आन् कंदीलबी दिसंना. भिंतीला लावलेली त्यांची सायकल तेवढी दिसत व्हती. मारला एवढं आठवतंय, आन् मारताना कुणाचं ऐकलं नाय एवढं आठवतंय. कुठं पडला ते तुमी इतकी वर्सं मोजताय, तर तुमीच सांगा मला. चहा घ्या, गार व्हतोय.”